सायकल कुठली घेऊ ते नंतर, आधी सामान लादून पन्हाळा चढा

गेल्या अंकात युरोपातल्या डॅन्यूब नदीकाठच्या सायकल रूटवर दोन परिच्छेद लिहिले होते, त्यावरची पत्रं अजून संपेनात. निम्म्या लोकांना एकच विचारायचंय, सायकल कुठली घेऊ. उरलेल्यांना व्हिसा, विमान आणि घरच्यांना पटवायचं कसं. पटवायचं काम माझं नाही, बाकीचं जमेल तेवढं सांगतो. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तर रागावू नका.

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही दोघं मित्र, पन्नाशीला टेकलोय. माझं छोटं मशिन शॉप आहे. पुढच्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या पासाऊपासून डॅन्यूबच्या काठानं काळ्या समुद्रापर्यंत जायचा प्लॅन आहे, अडीच महिने धरलेत. दुकानदार म्हणतो कार्बनची ग्रॅव्हल बाईक घ्या, एकदम हलकी. मित्र म्हणतो आहे ती अ‍ॅल्युमिनियमची हायब्रिडच चालंल. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, उद्यमनगर

उत्तर: मित्राचं ऐका, पण अर्धंच.

दुकानदार खोटं बोलत नाही, कार्बन हलकी असतेच, पण तुम्ही तिच्यावर पंधरा-वीस किलो सामान लादणार, मग सायकलचे दोन किलो वाचवायला एवढे पैसे कशाला घालायचे. शिवाय बऱ्याच कार्बन फ्रेमला मागं कॅरियर बसवायला आट्याची भोकंच दिलेली नसतात, आणि दिली तरी किती किलो चालेल याची मर्यादा असते. ती सायकल रविवारी सकाळी पोहाळ्यापर्यंत जाऊन मिसळ खाऊन यायला झकास आहे, संसार लादायला नाही.

तुम्ही मशिन शॉपवाले म्हणून मटेरियलचं थोडं खोलात सांगतो. टूरिंगवाले लोक क्रोमोली स्टीलच्या मागं लागतात, ४१३० ग्रेड, तुमच्या ओळखीचाच असेल. ते शक्यतो एकदम तुटत नाही, आधी चीर दिसते, आणि चीर गेली तर कुठल्याही गावचा वेल्डर टाका मारून देतो. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम बहुतेक वेळा ६०६१ ची असते आणि टी-६ टेंपरला, म्हणजे हीट ट्रीटमेंट करून मजबूत, आणलेली असते, तिला परत वेल्डिंग केलं की जोडाच्या आजूबाजूचा टेंपर जातो आणि पुन्हा हीट ट्रीटमेंट केल्याशिवाय ती ताकद येत नाही, ते रस्त्याकडेचा माणूस कुठनं करणार. पण म्हणून तुम्ही स्टीलचीच घ्या असं मी म्हणणार नाही. डॅन्यूबच्या काठाला, निदान बुडापेस्टपर्यंत तरी, थोड्या थोड्या अंतरावर सायकलचं दुकान आहे. ताजिकिस्तानात पामीर हायवेनं अक-बैताल खिंड चढायची असती, ४,६५५ मीटर उंच, आजूबाजूला गावच नाही, तर मी स्टीलचा हट्ट धरला असता. तुमच्या रूटला तुमची हायब्रिड पुरेल, फक्त ती आहे तशी नेऊ नका.

आता घरी जाऊन सायकल उलटी करा आणि बघा. मागच्या अ‍ॅक्सलजवळ कॅरियरची आट्याची भोकं आहेत का. पुढं सस्पेन्शनचा फोर्क असेल तर तो काढून साधा फोर्क टाका, स्वस्तातलं सस्पेन्शन नुसतं वजन वाढवतं आणि पुढं बॅगा लावायची सोय घालवतं. ३८ ते ४२ एमएमचा टायर मडगार्डसकट बसतो का ते बघा. कॅरियरला बॅगा अडकवून पायडल मारून बघा, टाच बॅगेला घासत असेल तर बॅगा मागं सरकवायला लागतील, आणि तेवढी जागा नसेल तर मात्र सायकल बदलायची.

सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ मागच्या चाकावर घाला. लांबच्या टूरवर फ्रेम फार कमी लोकांची तुटते, तारा तुटतात, आणि त्या पण मागच्या चाकाच्या गिअरच्या बाजूच्याच. कारण असं की कॅसेटला, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांना, जागा देण्यासाठी रिम हबच्या मधोमध नसते, एका बाजूला ओढून घेतलेली असते, त्यामुळं त्या बाजूच्या तारांवर ताण जास्त येतो. कंपनीतनं मशिनवर बांधून आलेल्या चाकात हा ताण तारे-तारेला वेगळा असतो. ज्याचा हात बसलाय अशा मिस्त्रीकडं जा आणि नुसता आउट काढून नका घेऊ, सगळ्या तारांचा ताण सारखा करून घ्या, शेजारशेजारच्या दोन तारा चिमटीत दाबल्या की फरक बोटाला कळतो. तारा ३२ तर पाहिजेतच, दोघांपैकी जो जाडजूड असेल त्यानं ३६ ची रिम घालावी. कोण ते तुमचं तुम्ही ठरवा. त्याच मापाच्या चार-पाच जादा तारा सीट ट्यूबला टेपनं चिकटवून न्या आणि कॅसेट काढायचं टूल पण बरोबर ठेवा, नाहीतर तारा हातात आहेत आणि त्या घालायला कॅसेट निघत नाही, असा प्रकार होतो.

एक सुचवतो, समुद्राकडं जाताय हे बरंच आहे, उलटं करू नका. पासाऊ समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर आहे आणि तिथून नदी सुमारे २,२२५ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते, म्हणजे उतार जाणवणार नाही पण मोठे चढ पण फारसे नाहीत. रस्ता वळणं घेत जास्त भरतो, तरी दिवसाला पन्नास धरले तर अडीच महिन्यात आरामात बसतं, व्हिएन्नात चार दिवस लोळलात तरी चालतंय. सर्बिया आणि रोमानियाच्या मधे आयर्न गेट नावाची घळ लागते, सर्बियाच्या बाजूनं गेलात तर तिथं एकामागोमाग बोगदे आहेत आणि आत उजेड नसतो. मागं-पुढं चांगले लाईट पाहिजेत, शोभेचे नकोत.

प्रश्न: माझ्या सायकलला २१ गिअर आहेत, परदेशी टूरला पुरतात का? मित्राच्या सायकलला ११ च आहेत पण तो म्हणतो माझीच भारी.
— एक वाचक, कळंबा

उत्तर: गिअर किती आहेत ते मोजू नका, सगळ्यात हलका कुठला आहे ते बघा. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात मोजा, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे मोजा, पुढचे भागिले मागचे. पुढं २८ आणि मागं २८ असेल तर १ येतं, म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की चाकाचा एक फेरा, साधारण २.२ मीटर. टूरिंगच्या सायकलला पुढं २६ आणि मागं ३४ असतं, उत्तर ०.७६, एका फेऱ्याला १.७ मीटरच्या आत. मिनिटाला ६० फेरे मारले तर पहिल्यात ताशी ८ च्या आसपास जावं लागतं आणि दुसऱ्यात ६ नं चढता येतं. कागदावर हे काहीच नाही वाटत, वीस किलो घेऊन सादळे-मादळेचा चढ चढताना हाच फरक सायकलवर बसून जायचं का ढकलत न्यायची ते ठरवतो.

तुमच्या मित्राच्या ११ वालीला पुढं ४० आणि मागं ४२ असेल तर ०.९५, म्हणजे तुमच्यात आणि त्याच्यात भांडण्यासारखं काही नाही, दोघांनी पण हलका गिअर घालून घ्या. ७ स्पीडच्या फ्रीव्हीलमधे १४-३४ चं, म्हणजे १४ ते ३४ दातांचं, मेगारेंज मिळतं, त्याला लांब पिंजऱ्याचा डिरेलर, म्हणजे चेन चकत्यांवर सरकवणारा भाग, लागतो, मिस्त्रीला आधी विचारा.

प्रश्न: ट्यूब-टायरचं काय करायचं? स्पेअर इथूनच न्यायचे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: टायर इथूनच चांगले चढवून जा, श्वाल्बेचे मॅरेथॉन टूरिंगवाल्यांत जगभर चालतात, जड आहेत पण काच-काटा सहसा आत जाऊ देत नाहीत. दोन ट्यूब, पॅच, सोल्यूशन, टायर लिव्हर एवढं पुष्कळ झालं, डॅन्यूबला स्पेअर टायर न्यायची गरज नाही. माप मात्र पाठ करा, आणि इंचात नको, एमएममधे. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलला पण २८ इंचीच म्हणतात पण तिची रिम ६३५ ची, आणि हायब्रिडची ६२२ ची. एकीचा टायर दुसरीला बसत नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४०-६२२ असं छापलेलं असतं, तो आकडा दुकानात दाखवला की भाषा आली नाही तरी काम होतं. बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व असेल तर पितळेचा छोटा अ‍ॅडाप्टर खिशात ठेवा, पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

प्रश्न: मी आणि मिस्टर दोघं रिटायर्ड शिक्षक. मुलगा जर्मनीत आहे. चार महिने सायकलनं युरोप फिरायचं म्हणतोय, व्हिसा मिळेल ना?
— एक वाचक, सम्राटनगर

उत्तर: मिळेल मॅडम, पण सलग चार महिन्यांचा नाही. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या, टूरिस्ट व्हिसाचा नियम आहे, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. देश बदलला म्हणून मोजणी नव्यानं सुरू होत नाही, सगळे शेंगेन देश मिळून एकच खातं. क्रोएशिया २०२३ पासून त्यात आलाय, रोमानिया आणि बल्गेरिया २०२५ च्या जानेवारीपासून जमिनीच्या सीमेवर पण पूर्ण आत आलेत, त्यामुळं आधीची माणसं जी पळवाट सांगायची, ९० दिवस संपत आले की रोमानियात शिरा, ती बंद झाली. चार महिनेच पाहिजेत तर उरलेला महिना ब्रिटनसारख्या बाहेरच्या देशात काढा, त्याचा व्हिसा वेगळा.

डॅन्यूबवाल्यांनी पण हे वाचा. त्या रूटवर सर्बिया शेंगेनमधे नाही. हंगेरी किंवा क्रोएशियातनं सर्बियात गेलात की शेंगेनच्या बाहेर पडलात, आणि पुढं रोमानियात परत आत शिरायचंय. व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर सीमेवरच टूर संपली. अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागा आणि रूटमधे सर्बिया आहे हे कव्हरिंग लेटरमधे स्पष्ट लिहा. सर्बियात भारतीय पासपोर्टला बिनव्हिसा प्रवेश होता तो २०२३ च्या सुरुवातीपासून बंद झालाय, तेव्हा त्यांच्या वकिलातीचा सध्याचा नियम निघायच्या आधी बघून घ्या.

अर्ज कुठल्या देशाकडं करायचा, तर जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटची मारामार असते म्हणून लवकर भरा. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि पॉलिसी घेताना सायकलिंग त्यात धरलंय का ते लेखी विचारा, काही पॉलिसीत ते साहसी खेळात टाकून वगळलेलं असतं. मुलाकडं राहणार ते दिवस त्याच्या निमंत्रण पत्रावर दाखवा, बाकीच्या मुक्कामाचं बुकिंग दाखवावं लागतं. सायकलवाल्याला कुठल्या दिवशी कुठं पोचणार ते नक्की सांगता येत नाही हे वकिलातीला कोण सांगणार, तेव्हा रद्द करता येईल असं बुकिंग करा आणि कागदावर दिवसाला ४० किलोमीटरच धरा.

प्रश्न: माझी मुलगी २४ वर्षांची आहे, नोकरी सोडून एकटी सायकलनं युरोपात जाते म्हणते. आम्ही घरात कुणी असलं काही केलेलं नाही. तुम्हीच तिला समजावून सांगा.
— एक आई, गडहिंग्लज

उत्तर: ताई, कुणाला समजावू, तिला का तुम्हाला? पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली तेव्हा तुमच्या मुलीपेक्षा लहान होती, विशीच्या आसपासची. सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवस, बराचसा प्रवास एकटीनं. तिला वाटेत लुटलं पण होतं, हे लपवून काय उपयोग. आणि त्याच्याही आधी, १९२३ ला मुंबईतले हकीम, बापासोला आणि भूमगारा असे तीन पारशी तरुण आणखी साथीदारांबरोबर जगप्रवासाला निघाले ते १९२८ ला परत आले. तेव्हा फोन नव्हता, आयांनी काय केलं असेल.

मुलीला जाऊ नको म्हणण्यापेक्षा तिच्याकडनं काही गोष्टी करून घ्या. पंक्चर, चेन तुटणं, ब्रेक शू बदलणं हे तिनं तुमच्यासमोर करून दाखवायचं, मिस्त्रीच्या मदतीशिवाय. रोज ठरलेल्या वेळी लोकेशन पाठवायचं, आणि एखादा दिवस पाठवलं नाही तर तुम्ही कुणाला फोन करायचा तो नंबर आधी लिहून द्यायचा. पासपोर्ट, व्हिसा, पॉलिसीची कॉपी तुमच्या फोनमधे पाहिजे. मुक्कामासाठी वॉर्मशॉवर्स म्हणून सायकलवाल्यांचंच नेटवर्क आहे, एकमेकांच्या घरी फुकट राहायला देतात, त्यात आधीच्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचता येतात, बायकांनी लिहिलेले अभिप्राय बघून घर निवडायला सांगा. तंबू कुठंही ठोकायचा नाही, जर्मनी-ऑस्ट्रियात तसं चालत पण नाही, कॅम्पसाईटवरच राहायचं. आणि निघायच्या आधी तिला एकटीला सामानासकट आजरा-आंबोली करून येऊ दे. ती आली की तुमची निम्मी काळजी गेलेली असेल.

प्रश्न: ट्रेनिंग कसं करू? मी ब्रेव्हे केलेत, २०० आणि ३००.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब राइड, केलेत म्हणजे ढुंगण आणि डोकं दोन्ही तयार आहे, पण २०० किलोमीटर साडेतेरा तासांत उरकून दुसऱ्या दिवशी घरी झोपणं वेगळं आणि रोज उठून ६० किलोमीटर परत सायकलवर बसणं वेगळं. टूरवाल्याला सलग दिवसांची सवय पाहिजे. कोल्हापूर-गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर, शुक्रवारी जा, राहा, शनिवारी भुईबावडा घाट उतरून परत चढा, रविवारी घरी. जमलं तर पुढच्या खेपेला राधानगरी-दाजीपूर. सगळं सामान घेऊनच जायचं, अगदी तंबूसकट, आणि घरात वजनकाटा असेल तर बॅगा निघताना एकदा आणि आल्यावर एकदा तोलायच्या. ज्या वस्तूला तीन दिवसात हात लागला नाही ती परदेशात पण लागणार नाही, औषधं, टूल आणि रेनकोट सोडून. पहिल्या वेळी जीन्स सापडते, दुसऱ्या वेळी जाड पुस्तक.

पावसात पण एकदा जा. गगनबावड्याच्या पावसात ज्या बॅगेत पाणी शिरत नाही तिला युरोपात भ्यायचं कारण नाही. आणि कातड्याची सीट, ब्रूक्सची वगैरे, घेणार असाल तर आत्ताच घेऊन बसायला लागा, ती तुमच्या बुडाला मुरायला शेकडो किलोमीटर लागतात आणि तो काळ परदेशात घालवू नये.

प्रश्न: सायकल इथून विमानात न्यायची का तिकडं भाड्यानं घ्यायची?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: दोन-तीन आठवडे असतील तर भाड्यानं घ्या, पासाऊला तर तोच धंदा आहे. एक लक्षात ठेवा, आपल्याकडं बऱ्याच सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिकडं डाव्या हाताला पुढचा. आणि ट्रॅफिक पण उजवीकडनं. पहिल्या दिवशी गावातल्या गावात फिरून घ्या.

महिन्याच्या वर असेल तर स्वतःची न्या. दुकानातनं नव्या सायकलचा रिकामा पुठ्ठ्याचा बॉक्स मागून आणा. पायडल काढताना डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, जोर लावून नेहमीच्या दिशेला फिरवत बसलात तर अजून घट्ट होईल. पुढचं चाक काढलं की फोर्कच्या दोन पायांमधे प्लॅस्टिकचा तुकडा घाला, तो पण दुकानात फुकट मिळतो, नाहीतर बॉक्सवर काही पडलं की फोर्क दबतो. मागचा डिरेलर बोल्ट सोडून आत चेनस्टेला, म्हणजे चेनशेजारच्या फ्रेमच्या नळीला, बांधून टाका, वाकलेला हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा, हे विमानातल्या सायकलचं नेहमीचं दुखणं आहे, तुमच्या मॉडेलचा एक स्पेअर हँगर घ्याच. हँडल सोडून टॉप ट्यूबला समांतर बांधा, सीट खाली करा. पॉवर बँक बॉक्समधे टाकू नका, ती हातातल्या बॅगेत, १०० वॉट-अवरपर्यंत चालते, २०,००० एमएएचची साधारण ७४ ची असते. गॅसचा डबा विमानात कुठंच चालत नाही, स्टोव्ह धुऊन न्या, डबा तिकडं घ्या.

सायकल महागातली असेल तर जाताना विमानतळावर कस्टमकडनं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, फ्रेम नंबरसकट. म्हणजे येताना नवी घेऊन आलात का म्हणून वाद नको. त्यासाठी नेहमीपेक्षा दोन तास आधी जा, आणि बॉक्स चिकटवायची टेप हातात ठेवा, तो उघडून बघतील.

प्रश्न: खायचं काय? आम्ही तिखटाशिवाय जेवत नाही.
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर: दळलेला कांदा-लसूण मसाला न्या, दोन-दोन पिशव्यांत बांधून, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास. भाजणी न्या, पाण्यात कालवून तव्यावर टाकली की झालं. दूध आणि मांसाचे पदार्थ मात्र युरोपीय संघात बाहेरून न्यायला बंदी आहे, तेव्हा तूप, पेढे, आणि सुकं मटण हे सगळं निघायच्या आदल्या रात्री घरातच संपवा. अंडी, पाव, बटाटे, केळी तिकडं सगळीकडं मिळतात. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळी पिशवी भरून ठेवा.

प्रश्न: स्टँड लावू का?
— एक वाचक, कागल

उत्तर: मधला स्टँड चेनस्टेवर आवळून बसवतात, पातळ नळी चेपते, आणि सामान लादल्यावर सायकल एका स्टँडवर उभी राहत पण नाही. भिंतीला टेकवा, पुढचा ब्रेक रबरबँडनं आवळून ठेवा म्हणजे घसरत नाही. फ्रेमला स्टँडसाठी वेगळी प्लेट वेल्ड केलेली असेल तर खुशाल लावा.